टीव्ही लावला की बाबांना बातम्याच दिसायला हव्यात

तुम्ही लिहिलंय ते असं: कराडजवळच्या गावी आई-बाबांना दिवाळीत ४३ इंची गुगल टीव्ही घेऊन दिलात. बाबा ७४ वर्षांचे. त्यांना सेट-टॉप बॉक्सवर संध्याकाळी सातच्या बातम्या पाहायच्या असतात, पण टीव्ही लावला की आधी सिनेमांची भलीमोठी चित्रं समोर येतात. त्यात चुकून ओके दाबलं गेलं की कुठल्या तरी ॲपचं वर्गणीचं पान उघडतं. आई सकाळी यूट्यूबवर हरिपाठ लावते आणि अभंगाच्या मधोमध साबणाची जाहिरात येते. महिनाभरात बाबांनी रिमोटला हात लावणंच सोडलं. आता राउटरवर डीएनएस (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारी सेवा) बदलू, पाय-होल (जाहिराती गाळणारा घरचा छोटा संगणक) बसवू की टीव्हीचा लाँचरच, म्हणजे पहिलं पान (होम स्क्रीन) दाखवणारं ॲप, काढून टाकू, असं तुम्ही विचारताय.

कोल्हापूर भागात २२ वर्षं मी टीव्ही बसवतोय आणि दुरुस्त करतोय. पिक्चर ट्यूबचे संच उघडले, गच्चीवर अँटेना फिरवले, डिश लावल्या, आता राउटरही लावतो. त्या जोरावर सांगतो की तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी शेवटच्या आहेत. त्याआधी रिमोटवरून जमतील अशी पाच-सहा कामं आहेत. तुमचा बहुतेक त्रास तेवढ्यानेच जाईल, आणि तुम्ही पुण्याला परतल्यावर घरात काही बिघडणारही नाही.

जाहिराती एकाच वाटेने येत नाहीत. होम स्क्रीनवरची जाहिरात टीव्हीची प्रणाली पाठवते. हरिपाठातली जाहिरात यूट्यूब पाठवतं. तुम्ही काय पाहता याची नोंद ठेवून नेमकी जाहिरात दाखवणारी यंत्रणा तिसरीच असते. एका वाटेवरचा उपाय दुसऱ्या वाटेवर चालत नाही. लोक डीएनएस बदलतात, यूट्यूबच्या जाहिराती तशाच राहतात, आणि मग सगळं फुकट गेलं म्हणून सोडून देतात.

बाबांपासून सुरुवात करू. त्यांना होम स्क्रीन लागतच नाही, तर तो दिसायचंही कारण नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात पॉवर अँड एनर्जी, आणि तिथे पॉवर ऑन बिहेवियर असा पर्याय बघा. गुगल टीव्हीच्या बऱ्याच संचांवर तो असतो. होम स्क्रीनऐवजी शेवटचा वापरलेला इनपुट निवडा, म्हणजे टीव्ही लावला की थेट सेट-टॉप बॉक्स उघडेल. काही कंपन्या ठरावीक एचडीएमआय (बॉक्सची तार जोडायची खाच) निवडू देतात, ते मिळालं तर उत्तमच. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. आईने यूट्यूब पाहताना तिथूनच टीव्ही बंद केला, तर काही संच पुन्हा होम स्क्रीनवर उघडतात. तसं होत असेल तर बंद करण्याआधी बॉक्सवर यायचं, एवढं आईला दाखवून ठेवा.

दुसरं काम रिमोटचं. टीव्हीच्या रिमोटवर ॲपच्या नावांची चार-पाच रंगीत बटणं असतात. अंधारात किंवा चष्म्याशिवाय हमखास तीच दाबली जातात. ती बटणंसुद्धा एका अर्थी जाहिरातच आहेत, रिमोटवर आपलं बटण असावं म्हणून ॲपवाल्या कंपन्या पैसे मोजतात. बऱ्याच सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण शिकवता येतं. केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. मग बाबांच्या हातात एकच रिमोट राहील आणि टीव्हीचा रिमोट आईच्या यूट्यूबपुरता. बॉक्सला एचडीएमआय सीईसीची, म्हणजे त्याच तारेतून टीव्हीला आज्ञा द्यायची सोय असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू करा, बॉक्स लावला की टीव्हीही उठतो. मी ज्या ज्या घरी वयस्कर माणसांसाठी हे करून दिलंय, तिथून परत फोन आलेला नाही. माझ्या दृष्टीने हा या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे आपण जाहिरात अडवत बसत नाही. बाबांची वाटच तिथून जात नाही.

आता होम स्क्रीन. गुगल टीव्हीत अकाउंट्स अँड साइन-इनमध्ये जाऊन खातं निवडलं की ॲप्स ओन्ली मोड दिसतो. तो चालू केला की सिनेमा-मालिकांच्या रांगा जातात आणि ॲपची चिन्हं उरतात. त्याबरोबर आवाजी असिस्टंट आणि वॉचलिस्ट बंद होते, आणि वरचा मोठा फलक काही संचांवर तरीही राहतो. ही तडजोड चालण्यासारखी आहे. तुमचा संच जुन्या अँड्रॉइड टीव्हीचा निघाला तर तिथे चॅनेलच्या रांगा एकेक करून बंद करता येतात. सॅमसंगवर ऑटोरन स्मार्ट हब बंद करा. एलजीवर होम सेटिंग्जमध्ये होम प्रमोशन आणि कंटेंट रेकमेंडेशन बंद करा, आणि स्क्रीनसेव्हरच्या प्रमोशनचं बटणही शोधा. एलजीने २०२४ मध्ये स्क्रीनसेव्हरवर जाहिराती आणल्या, म्हणजे टीव्ही कुणी पाहत नसतानाही त्यावर जाहिरात चालते. मेनूतली नावं वर्षागणिक थोडी बदलतात, तेव्हा प्रमोशन, रेकमेंडेशन, ॲडव्हर्टायझिंग आणि इंटरेस्ट हे शब्द जिथे दिसतील तिथे थांबून वाचा.

याच बैठकीत प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावा आणि तो फक्त तुमच्याकडे ठेवा. बाबांच्या मनात भीती आहे ती पैसे कापले जाण्याची. त्यांना स्पष्ट सांगा की आता काहीही दाबलंत तरी इथून पैसे जाणार नाहीत. मग ते रिमोट परत उचलतील.

एवढा उपद्व्याप आपल्यालाच का करावा लागतो? कारण टीव्ही विकून मिळणारा पैसा आता पुरेसा धरला जात नाही. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीचे २०२१ सालच्या तिसऱ्या तिमाहीचे आकडे बघा: जाहिराती, वर्गण्या आणि माहिती विकून झालेला नफा हा टीव्ही विकून झालेल्या नफ्याच्या दुपटीहून जास्त होता. वॉलमार्टने पुढे ही कंपनी २३० कोटी डॉलरला विकत घेतली, ती त्या जाहिरातींच्या धंद्यासाठीच. संच स्वस्तात द्यायचा आणि घरात गेल्यावर त्याच्या पडद्यावरची जागा वर्षानुवर्षं विकत राहायची, असा हा हिशेब आहे. मला यात एक गोष्ट मनापासून खटकते. फुकट कार्यक्रम दाखवणाऱ्याने जाहिरात दाखवली तर तो व्यवहार समजतो. पण ग्राहकाने पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या पहिल्या पानावर विकणाऱ्याने हक्क ठेवावा, हे मला पटत नाही. आणि बिल करताना दुकानात हे कुणी सांगतही नाही.

यापुढचा भाग कृपा करून नीट वाचा, कारण तो डोळ्याला दिसत नाही. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, म्हणजे एसीआर असतं. पडद्यावर जे चाललंय त्याचे बारीक नमुने टीव्ही सतत घेत राहतो, त्यातून बोटाच्या ठशासारखी एक खूण तयार करतो आणि ती कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. तिकडे असलेल्या साठ्याशी ती खूण जुळवली की कुठलं चॅनेल, कुठला कार्यक्रम, किती वेळ पाहिला हे कळतं. लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीचे संच ब्रिटन व अमेरिकेत तपासले. एलजीचा संच दर १० मिलिसेकंदांना नमुना घेत होता आणि दर १५ सेकंदांना माहिती पाठवत होता. सॅमसंगचा दर ५०० मिलिसेकंदांना नमुना घेऊन मिनिटाला एकदा पाठवत होता. एचडीएमआयला जोडलेल्या उपकरणाचं चित्रही त्यातून सुटत नव्हतं. लॅपटॉप जोडून टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरला तरी हे चालू होतं. नेटफ्लिक्स किंवा यूट्यूबसारख्या ॲपमधला मजकूर मात्र त्यात ओळखला जात नव्हता.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय, तर ज्या संचात ही सोय चालू असते तिथे सेट-टॉप बॉक्सवरच्या बातम्याही नोंदीत जाऊ शकतात. लोकांना वाटतं, आपण ॲप उघडलंच नाही तर कुणाला काय कळणार. तसं नाही.

याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की सेटिंगमधून नकार दिल्यावर ही रहदारी खरोखर थांबली. म्हणून ती बटणं बंद करणं वाया जात नाही. सॅमसंगवर त्याला व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस म्हणतात, एलजीवर लाइव्ह प्लस, आणि सोनीच्या काही संचांवर सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही. इतर कंपन्यांच्या संचावर प्रायव्हसी किंवा टर्म्समध्ये व्ह्यूइंग डेटा अशा नावाने शोधा. गुगलच्या प्रायव्हसी मेनूत ॲड्समध्ये जाऊन जाहिरातींचा ओळख क्रमांक पुसून टाका, आणि युसेज अँड डायग्नोस्टिक्सही बंद करा. याने जाहिरातींची संख्या कमी होणार नाही हे आधीच सांगतो, नाहीतर उगाच निराश व्हाल. घरात काय पाहिलं जातं ही माहिती बाहेर जायची थांबते. माझ्या लेखी ती जाहिरातीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

हे सगळं सुरुवातीला चालू कसं होतं, तेही सांगतो. टीव्ही बसवणारा माणूस घाईत असतो. पहिल्यांदा संच चालू झाला की अटींची चार-पाच पानं येतात आणि तो सगळ्यांवर ॲग्री दाबत पुढे जातो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं, कारण पुढच्या घरी वेळेत पोचायचं असायचं. आता प्रत्येक पानावर थांबतो, ग्राहकाला वाचून दाखवतो आणि संच चालण्यासाठी जेवढं लागतं तेवढंच मान्य करतो. बाकीचं नाकारलं तरी टीव्ही व्यवस्थित चालतो. व्हिझिओवर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली ती नेमकी यावरून: १ कोटी १० लाख संचांवर लोक काय पाहतात हे नीट परवानगी न घेता नोंदवलं गेलं होतं. कंपनीने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याने सॅमसंग, एलजी, सोनी, हायसेन्स आणि टीसीएल यांच्यावर याच एसीआरवरून दावे दाखल केले. म्हणजे हा प्रश्न मिटलेला नाही.

आता आईचा हरिपाठ. यूट्यूबच्या जाहिराती डीएनएसने थांबत नाहीत. ज्या सर्व्हरवरून व्हिडिओ येतो त्याच सर्व्हरवरून जाहिरातही येते, त्यामुळे एक अडवायला गेलं की दुसरंही बंद पडतं. सरळ उपाय यूट्यूब प्रीमियमचा. ऑगस्ट २०२४ च्या दरवाढीनंतर एका माणसाला महिना १४९ रुपये आणि फॅमिलीला २९९ रुपये असा त्याचा दर झाला. इथे दोन चुका नेहमी होतात. प्रीमियम मुलाच्या खात्यावर असतं, टीव्हीवर आईचं खातं, आणि मग जाहिराती का येतात म्हणून मला बोलावतात. वर्गणी खात्याला असते, टीव्हीला नाही. दुसरं, फॅमिली प्लॅन एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही पुण्यात आणि आई-बाबा कराडला, म्हणजे ते नियमात बसत नाही. आईच्या नावावर वेगळं घ्या. रोज सकाळी देवाजवळ बसून ऐकायची गोष्ट आहे ती, महिना १४९ रुपये त्यासाठी जास्त नाहीत. आणि तेवढेही नको वाटले तर तिच्या नेहमीच्या हरिपाठाची अधिकृत सीडी किंवा फाइल विकत मिळते का बघा. पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्या यूएसबीला लावली की नेटही लागत नाही.

बाकीच्या ॲपचं थोडक्यात. प्राइम व्हिडिओने भारतात जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये जास्तीचे मागितले. आधीच वर्गणी भरणाऱ्याला हे चीड आणणारं आहे, पण घरून करण्यासारखा उपाय नाही. पुष्कळ ॲप जाहिरात व्हिडिओच्या प्रवाहातच शिवून पाठवतात, ती वेगळी काढता येत नाही. पैसे भरा किंवा बंद करा, हे दोनच रस्ते.

यूट्यूबच्या जाहिराती गाळणारी बाहेरची ॲप तुम्ही ऐकली असतीलच. ती आई-बाबांच्या टीव्हीवर टाकू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये असंच एक फार लोकप्रिय ॲप अडचणीत आलं. ते बनवणाऱ्याच्या डिजिटल किल्ल्या चोरीला गेल्या आणि ॲपमध्ये घातक कोड शिरला. बनवणारा प्रामाणिक असूनही हे घडलं. ज्या टीव्हीवर आईचं गुगल खातं उघडलेलं आहे, तिथे हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

त्याहून वाईट म्हणजे बाजारात मिळणारे बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स, ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकले जाणारे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या घातक सॉफ्टवेअरच्या जाळ्याबद्दल इशारा दिला तो अशाच उपकरणांबद्दल होता. कारखान्यातूनच किंवा पहिल्या ॲपबरोबरच त्यात घातक सॉफ्टवेअर येतं आणि तुमच्या घरचं इंटरनेट कनेक्शन परक्या गुन्हेगारांच्या कामाला जुंपलं जातं. जाहिराती चुकवायला कुणी असा बॉक्स घेत असेल तर त्याचा हात धरून थांबवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, डीएनएस. कुठलंही उपकरण एखाद्या पत्त्यावर जाण्याआधी डीएनएसला त्याचा क्रमांक विचारतं. जाहिराती गाळणारा डीएनएस जाहिरातीच्या पत्त्यांना उत्तरच देत नाही, म्हणून तो फलक रिकामा राहतो. ॲडगार्डचा फुकट डीएनएस ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ असा आहे. राउटरमध्ये घालता आला तर सगळ्या घराला लागतो, पण नेट कंपनीने दिलेल्या कित्येक राउटरमध्ये ही जागा कुलूपबंद असते. मग टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी (घरच्या नेटवर्कमधला टीव्हीचा क्रमांक) स्टॅटिक, म्हणजे कायमचा, करून तिथेच हे आकडे घालावे लागतात. त्या वेळी टीव्हीला दिलेला आयपी घरातल्या दुसऱ्या कुणाला मिळणार नाही हे बघा, नाहीतर कधी टीव्ही तर कधी फोन नेट सोडेल. शिवाय काही संच तुमचं न ऐकता थेट गुगलच्या ८.८.८.८ ला विचारतात, तिथे हा उपाय अपुरा पडतो. आणि एखादं ॲप जाहिरात मिळाली नाही म्हणून काळ्या पडद्यावरच अडकतं.

पाय-होल ही यातलीच पुढची पायरी: घरात एक छोटा संगणक ठेवून डीएनएस आपणच चालवायचा. माझ्या घरी तसा आहे आणि मला तो आवडतो. पण काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षक दाम्पत्याकडे मी हौसेने तो बसवून दिला. पावसाळ्यात वीज चार वेळा गेली-आली, मेमरी कार्ड खराब झालं आणि घरातलं सगळं नेट बंद पडलं. मी तेव्हा गावाला होतो. त्यांचा अमेरिकेतला मुलगा दोन दिवस व्हिडिओ कॉल लावत राहिला आणि लागेना, म्हणून घाबरून त्याने शेजाऱ्यांना त्यांच्या घरी पाठवलं. परत आल्यावर मी तो संगणक काढून घेतला. तेव्हापासून माझा नियम आहे: बिघडल्यावर ज्या घरात दुरुस्त करणारं कुणी नाही, तिथे बिघडू शकेल अशी नवी वस्तू ठेवायची नाही. लाँचर बदलण्याचंही तेच. प्रोजेक्टिव्हीसारखे स्वच्छ लाँचर आहेत, पण मूळ लाँचर बाजूला करायला संगणकावरून आज्ञा द्याव्या लागतात आणि एखादं अपडेट येऊन सगळं पूर्ववत होतं. तुमच्या पुण्याच्या घरी खुशाल करा.

आई यूट्यूब पाहत नसती तर मी म्हटलं असतं, टीव्हीला नेटच देऊ नका. वाय-फायचा पासवर्ड विसरायला लावा, संच पूर्वीच्या टीव्हीसारखा वागतो. गुगल टीव्हीत सुरुवातीलाच बेसिक टीव्ही हा पर्याय त्यासाठीच असतो. टीव्हीच्या मागे खोचायची वेगळी स्टिक लावली की सुटका होते असं मात्र नाही, कारण फायर टीव्ही आणि गुगल टीव्हीच्या स्टिकच्या होम स्क्रीनवरही जाहिराती असतात. ॲपल टीव्हीचा पडदा त्या मानाने बराच शांत आहे, पण त्याच्या किमतीत बाजारात ३२ इंची टीव्ही येतो.

कायद्याकडून लगेच फार अपेक्षा ठेवू नका. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत चॅनेलवर तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, पण टीव्हीचा होम स्क्रीन म्हणजे चॅनेल नव्हे, त्याला ती लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती परत घेण्याचा हक्क आहे आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. तुमची मुलं सुट्टीत आजोळी येत असतील तर ते कलम लक्षात ठेवा.

गावी जाल तेव्हा शनिवारची दुपार काढा. आधी पॉवर ऑन आणि रिमोट, मग ॲप्स ओन्ली मोड, खरेदीचा पासवर्ड, प्रायव्हसीची बटणं, आईच्या खात्यावर प्रीमियम. बदललेल्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. मोठ्या अपडेटनंतर काही बटणं आपोआप पुन्हा चालू झालेली मी पाहिली आहेत, तेव्हा गणपतीला गेलात की फोटो समोर धरून एकदा ताडून बघा. आणि निघण्याआधी बाबांना स्वतःच्या हाताने तीन-चार वेळा टीव्ही बंद-चालू करायला लावा, तुम्ही खोलीत नसताना.